रेव्हनची हाक

आपल्या दारी कावळा ओरडला की पाहुणा येणार म्हणतात. त्याचाच थोरला भाऊबंद म्हणजे रेव्हन. युरोपात मात्र त्याचे ओरडणे ही मरणाची वर्दी, असा समज पिढ्यान्‌पिढ्या होता.

हा पक्षी डोमकावळ्याहूनही मोठा, सुमारे दोन फूट लांब. चोचीपासून पायांपर्यंत काळा. पण उन्हात पिसांवर निळी-जांभळी झाक येते. गळ्याखाली पिसांची दाढी, शेपटी पाचरीसारखी, आवाज खोल आणि घोगरा.

त्याच्या हाका अनेक. त्यांतल्या एकीचा अर्थ बर्न्ड हाइनरिख या शास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मेन राज्याच्या बर्फाळ जंगलात शोधला. मेलेले जनावर सापडले, तरी त्या भागावर ताबा असलेली जोडी एकट्या तरुण पक्ष्याला खाऊ देत नाही. मग तरुण पक्षी मोठ्याने ओरडून आपल्यासारख्यांना बोलावतात. पुष्कळ जण जमले की जोडीचे काही चालत नाही, सगळ्यांनाच खायला मिळते.

माणूस ज्याला मरणाची वर्दी म्हणत आला, त्या ओरडण्यात ‘जेवायला या’ अशीही हाक होती! मुलांनी पाखरांच्या ओरडण्याचा अर्थ विचारला, तर शकुन-अपशकुन सांगू नका. ‘चल, बघू या,’ म्हणा.