एकच गाणं किती वेळा विकत घ्यायचं?

आपल्यासारख्या घरांनी एकच गाणं किती वेळा विकत घेतलं, याचा हिशेब कधी मांडलाय का मैत्रिणींनो? ‘गीतरामायण’च घ्या. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं आणि वर्षभर छप्पन्न गाणी घरोघर ऐकली गेली. रेडिओचं लायसन सोडलं तर त्याला वेगळा पैसा लागला नाही. पुढे लाँगप्ले तबकड्या आल्या, ज्यांना परवडल्या त्यांनी घेतल्या. मग कॅसेटचा संच आला. कॅसेटची फीत ओढली गेली, कोकणातल्या पावसाने तिच्यावर पांढरी बुरशी धरली, म्हणून सीडी आणल्या. सीडी अडखळायला लागल्या तोवर २०१७ मध्ये सारेगामाचा ‘कारवाँ’ आला. नंतर मोबाइलवर महिन्याच्या वर्गणीने तेच गाणं. आणि आता मुलं सांगतात, आई, हे सगळं जुनं झालं, आता ‘हाय-रेझ’ ऐकायचं.

हे हाय-रेझ म्हणजे काय, ते आधी आपल्या भाषेत समजून घेऊ. डिजिटल गाणं म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० ठिपके घेतलेले असतात. हाय-रेझमध्ये ते ९६ हजार किंवा १ लाख ९२ हजार असतात आणि प्रत्येक ठिपक्याची नोंदही जास्त बारकाईने केलेली असते, म्हणजे १६ बिटांऐवजी २४ बिट. एमपी-थ्रीमध्ये उलटा प्रकार. कानाला फारसं कळणार नाही असं वाटतं ते वगळून गाणं लहान करायचं. चार मिनिटांचं गाणं साध्या एमपी-थ्रीत चार एमबीत बसतं, सीडीवर त्याला चाळीस-बेचाळीस एमबी लागतात आणि सगळ्यात वरच्या हाय-रेझमध्ये पावणेतीनशेच्या घरात. काही न गमावता घडी घालून ठेवलं तरी दीडशे धरा. रोज दोन जीबीचं रिचार्ज मारणाऱ्या घरात बारा-तेरा गाण्यांतच दिवसाचा डेटा संपेल. मग मुलाच्या ऑनलाइन क्लासचं काय, हा प्रश्न कुणाच्या कपाळी येणार ते सांगायला नको.

एवढं करून कानाला कळतं का? सीडीच्या ठिपक्यांत सेकंदाला बावीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज मावतो. माणसाचा कान, तोही तरुण आणि धडधाकट, वीस हजारांपर्यंत ऐकतो. चाळिशी ओलांडली की वरचे सूर हळूहळू कमी ऐकू यायला लागतात, कुकरची शिट्टी तेवढी बरोबर ऐकू येते! २००७ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या काही ध्वनिप्रेमींनी लोकांना हाय-रेझ आणि तेच गाणं सीडीच्या दर्जावर उतरवून, असं आलटून पालटून ऐकवलं. साडेपाचशेहून जास्त वेळा विचारलं, त्यात बरोबर उत्तरं जेमतेम निम्मी आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या एका विद्यापीठातल्या संशोधकाने अशा अठरा प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा शंभरात सुमारे बावन्न उत्तरं बरोबर निघाली. कान तयार केलेल्या लोकांची साठाच्या आसपास. म्हणजे फरक अजिबात नाही असं म्हणता येत नाही, पण त्यासाठी दहा-वीस हजारांची यंत्रं घ्यावीत असाही तो नाही. शिवाय आपण बहुतेक जणी ऐकतो ब्लूटूथवर. मोबाइलमधून स्पीकरकडे जाताना साधं ब्लूटूथ गाणं पुन्हा दाबून लहान करतं. वरून महागडं हाय-रेझ घ्यायचं आणि खाली ब्लूटूथच्या चाळणीतून गाळायचं, म्हणजे साजूक तूप आणून डालडाच्या डब्यात ओतण्यासारखं आहे.

आणि जुन्या गाण्यांचं काय? बालगंधर्वांच्या, हिराबाईंच्या तबकड्यांवर सीडीत मावतं त्याच्या निम्मंही मुळात उमटलेलं नसे. जे तेव्हा टिपलंच गेलं नाही, ते आता ठिपके वाढवून कुठून येणार? गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी अमेरिकेने १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवली. तीन-साडेतीन मिनिटांची, जुन्या तबकडीवरची. ती निवडणाऱ्यांनी तिचे बिट मोजले नव्हते, केसरबाईंचा सूर ऐकला होता.

आता कुणी म्हणेल, या बाईंना नव्याचं वावडं आहे. तसं नाही हो. आवाजाचा दर्जा मलाही हवा आहे, पण तो कुठे वाढवायचा यावर माझं भांडण आहे. पूर्वी हॉलमध्ये शोकेसमध्ये कुलपात ठेवलेला टेप किंवा म्युझिक सिस्टिम असायची. तिला हात लावायचा अधिकार घरच्या पुरुषांचा आणि फार तर मोठ्या मुलाचा. बाईच्या वाट्याला फडताळावरचा ट्रान्झिस्टर. आमच्याकडे १९७७ पासून आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र आहे, आणि भाकऱ्या थापता थापता इथल्या किती बायकांचा कान त्या केंद्रावर तयार झाला असेल, त्याची कुणी नोंद ठेवली नाही. घरात सगळ्यात जास्त तास गाणं ऐकणारी व्यक्ती ती आणि सगळ्यात वाईट स्पीकर तिचा. आजही हॉलमध्ये साउंडबार आणि ओट्यावर पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा आवाज करणारा मोबाइल. घरात यासाठी पाच हजार खर्च करायचेच असतील, तर आधी स्वयंपाकघरात एक बरा स्पीकर आणा. भिंतीपासून थोडा पुढे, कानाच्या उंचीवर, मिक्सरपासून लांब ठेवा. त्याने जो फरक पडेल तो कुठल्याही हाय-रेझने पडणार नाही.

‘कारवाँ’ का खपला तेही बघा. पाच हजार गाणी आत भरलेली, नेट नको, पासवर्ड नको, बटण फिरवलं की गाणं. किती घरांत परगावच्या मुलामुलींनी तो आईवडिलांना आणून दिला! त्याच्या आवाजाला ध्वनिप्रेमी नाकं मुरडतात. मुरडोत बापडे. लोकांनी सोय विकत घेतली. तिकडे परदेशात नील यंगसारख्या मोठ्या गायकाने हाय-रेझसाठी ‘पोनो’ नावाचं यंत्र काढलं, लोकांनी त्यासाठी आधीच साठ लाख डॉलरहून जास्त रक्कम जमवून दिली, आणि २०१५ मध्ये बाजारात आलेलं ते यंत्र दोन-तीन वर्षांत गुंडाळलं गेलं.

मला वाटतं, हाय-रेझसाठी वेगळे पैसे मागण्याचे दिवस फार टिकणार नाहीत. अॅपलने २०२१ मध्ये तो दर्जा आपल्या नेहमीच्या वर्गणीतच देऊन टाकला. स्पॉटिफायनेही २०२५ मध्ये न दाबलेलं संगीत द्यायला सुरुवात केली. नेट स्वस्त होईल तसा हा दर्जा आपोआप घरी येईल. आपण धावत जाऊन घ्यायची गरज नाही.

पण वर्गणीतल्या गाण्याची एक गोष्ट मला खटकते. ते आपलं नसतं. २०२३ मध्ये करार जुळला नाही म्हणून झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून काढून टाकली गेली. एअरटेलचं विंक २०२४ मध्ये बंदच झालं, त्याबरोबर लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या गेल्या. पुण्याच्या अलूरकरांनी काढलेली एखाद्या मैफिलीची कॅसेट कपाटात आहे, तर ती कुणी रात्रीत काढून नेत नाही. (बुरशी सोडून!) शिवाय दुकानदार कुठलं गाणं ठेवणार हेही त्याच्या मर्जीवर. ‘गीतरामायण’ आकाशवाणीवर झालं तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे कितीतरी गळे त्यात होते. नंतर घरोघर पोचल्या त्या एकट्या बाबूजींच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रिका. त्या अप्रतिमच, पण आजच्या मुलींना मूळ कार्यक्रम अनेकांनी गायला होता हे ठाऊकही नसतं. म्हणून मी तरी कंपन्यांकडे जास्त बिट मागणार नाही. जास्त गळे मागेन.

हाय-रेझची खरी गरज आहे ती साठवणीच्या खोलीत. जगभरची ध्वनिसंग्रहालयं जुनी फीत संगणकावर उतरवताना २४ बिट आणि ९६ हजार ठिपक्यांचा आग्रह धरतात. कारण फीत पुन्हा वाजेल की नाही याचा भरवसा नसतो, एकदाच काय ते नीट उतरवून घ्यायचं. युनेस्कोने २०१९ मध्ये धोक्याची घंटा वाजवली होती, की चुंबकीय फितींवरचा ठेवा उतरवून घ्यायला २०२५च्या आसपासपर्यंतचाच काळ हातात आहे. फीत खराब होते म्हणून तर आहेच, पण ती वाजवणारी यंत्रं, त्यांचे सुटे भाग आणि दुरुस्त करणारी माणसं संपत चालली आहेत म्हणून.

हे फक्त मोठ्या संस्थांचं काम समजू नका. आपल्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत काय काय असतं! आजोबांचं कीर्तन, आत्याच्या लग्नातले उखाणे, गावच्या नमन-खेळ्यांचं गाणं, जाखडीतला शक्ती-तुऱ्याचा सवालजवाब, मंगळागौरीच्या रात्रीचा दंगा. ही गाणी कुठल्याही अॅपवर कधीच येणार नाहीत, कारण त्यांची मालकी कंपनीकडे नाही, आपल्याकडे आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी मावळ-मुळशीसारख्या भागांत गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या हजारो ध्वनिमुद्रितही झाल्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत, फुकट ऐकता येतात. दळणाला बसलेल्या, शाळेत न गेलेल्या बायकांचे आवाज, नावागावासकट. आमच्या कोकणातल्या वाड्यावाड्यांतल्या आज्यांकडे असं कितीतरी शिल्लक आहे, पण ते त्यांच्याबरोबर चाललं आहे.

आम्ही काही जणी मध्यंतरी दोन-तीन वाड्यांत मोबाइल घेऊन गेलो होतो. एक आजी आधी हातच जोडायला लागल्या. “आता काय गो आवाज उरलाय माझा, सुनेला सांगा.” सुनेला एकही ओवी येत नव्हती. मग आजींनी सुरू केलं आणि सव्वा तास थांबल्या नाहीत. आवाज फाटलेला, मधे कोंबडा आरवतोय, बाहेर एसटीचा हॉर्न. मला ते सगळं हवं होतं.

त्यातून कळलेल्या एक-दोन गोष्टी सांगते. व्हॉट्सअॅपचा व्हॉइस मेसेज वापरू नका, त्यात आवाज फार दाबलेला असतो. मोबाइलच्या रेकॉर्डरमध्ये सेटिंगला जाऊन दर्जा सगळ्यात वरचा करा, ‘वेव्ह’ असा पर्याय असेल तर तोच घ्या. फाइल पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पंखा बंद करा, मोबाइल गाणाऱ्या बाईपासून हातभर अंतरावर, खाली टॉवेल घालून ठेवा. सुरुवातीला तिचं नाव, गाव, माहेर आणि तारीख तिच्याच तोंडून बोलून घ्या. एक प्रत घरी, दुसरी मुलाच्या किंवा मुलीच्या गावी असू द्या. आणि ट्रंकेतल्या कॅसेट्स बुरशी आलेल्या असतील तर तशाच टेपमध्ये घालू नका, फीत तुटते आणि टेपचं हेडही खराब होतं. आधी जाणकाराला दाखवा. चालू स्थितीतला टेपडेक ज्यांच्याकडे आहे त्यांची नावं आपापल्या महिला मंडळात लिहून काढा, आमच्या यादीत आतापर्यंत चारच निघाले आहेत. आणि हे मिरगाच्या आधी करा, कारण एकदा पाऊस लागला की आपल्याकडे चार महिने ट्रंक उघडायची सोय नसते.