सर्व्हरची रोजनिशी कोणाच्या ताब्यात?

शासकीय कार्यालयात आवक-जावक नोंदवहीचे जे स्थान, तेच सर्व्हरवर 'लॉग'चे. कोणी कधी प्रवेश केला, कोणती सेवा केव्हा बंद पडली, हे यंत्र स्वतःच लिहून ठेवते. युनिक्स प्रणालीसाठी ही सोय एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात बर्कले येथे 'सेंडमेल'च्या कामातून निर्माण केली आणि 'सिसलॉग' या नावाने ती परंपरा आजही चालू आहे. फरक एवढाच की नोंदवही कोरी राहिली तर ती दप्तर तपासणीत सापडते. लॉग कोरा राहिला तर महिनोन् महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

त्याचे महत्त्व कळते ते बालंट आल्यावर. समजा, एखाद्या योजनेत लाभार्थ्याचा बँक खाते क्रमांक बदलला गेला आणि रक्कम भलतीकडेच गेली. बदल ज्या लॉगिनमधून झाला ते कनिष्ठ लिपिकाचे. पासवर्ड कार्यालयातील चार जणांना ठाऊक. अशा वेळी बदल कोणत्या संगणकावरून व किती वाजता झाला, हे सांगणारा साक्षीदार एकच, तो म्हणजे लॉग. पण तो पाहू गेल्यास बहुधा पुसलेला निघतो.

यात नेहमीच कोणाचा दुष्ट हेतू असतो असे नाही. संकेतस्थळ बंद पडते, कंत्राटदाराचा तंत्रज्ञ येतो, डिस्क पूर्ण भरल्याचे त्याला दिसते. सर्वांत मोठी फाइल लॉगची, म्हणून तो ती पुसतो. गंमत अशी की चालू सेवेने ती फाइल उघडी धरलेली असेल, तर पुसूनही जागा मोकळी होत नाही. सेवा पुन्हा सुरू करावी लागते. म्हणजे पुरावा तत्काळ गेला आणि अडचण तशीच राहिली! खरा उपाय म्हणजे जुन्या फाइली ठरावीक काळाने दाबून बाजूला ठेवणारी 'लॉगरोटेट'ची व्यवस्था नीट लावणे, लॉगसाठी डिस्कचा वेगळा विभाग राखणे आणि प्रत्येक नोंदीची प्रत दुसऱ्या यंत्रावर पाठवणे. या दुसऱ्या यंत्रावर पहिल्या यंत्राच्या व्यवस्थापकाला पुसण्याचा अधिकार नसावा. रोखपाल आणि लेखापरीक्षक एकच व्यक्ती असू नये हे आपण कोषागारात कधीच मान्य केले आहे.

प्रत पाठवतानाही एक खाचखळगा आहे. सिसलॉग जुन्या रीतीने यूडीपीवरून नोंदी पाठवतो आणि त्यात पोच मिळत नाही. साध्या टपालासारखेच हे. पत्र गहाळ झाले तरी पाठवणाऱ्याला पत्ता नसतो. महत्त्वाच्या नोंदींसाठी टीसीपी आणि तेही कूटबद्ध स्वरूपात वापरणेच योग्य.

घड्याळाचा प्रश्न त्याहून नाजूक. सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर नोंदीत सकाळचे सहा दिसतात. कार्यालय बंद असताना लिपिकाने काम केले, असा निष्कर्ष काढायला चौकशी अधिकारी मोकळा! प्रत्यक्षात भारतीय वेळ साडेअकराची असते. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी जे निर्देश काढले, त्यांत घड्याळे एनआयसी अथवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणे, लॉग १८० दिवस राखणे व सायबर घटना सहा तासांत कळवणे या तिन्ही गोष्टी आहेत. हे निर्देश शासकीय संस्थांनाही लागू आहेत, याचा अनेकांना विसर पडलेला असतो.

न्यायालयात तर नुसती छापील प्रत चालत नाही. जालन्याच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात तर फाइलचे हॅश मूल्यही द्यावे लागते. मूळ फाइलच नसेल तर हॅश कशाचा काढणार?

कार्यालयप्रमुखाला संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. आठवड्यातून एकदा तंत्रज्ञाला समोर बसवून 'लॉगर' या आज्ञेने एक ओळ लिहायला सांगावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर योग्य वेळेसह उमटली का, हे स्वतः पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे. ओळ उमटली नाही तर जागा, सेवा, फाइलवरील अधिकार आणि मधली फायरवॉल या क्रमाने तपासायला सांगावे. बदलीच्या वेळी कार्यभार यादीत आपण कपाटाच्या किल्ल्या मोजून देतो. लॉग कोणत्या यंत्रावर आहे, किती दिवसांचा आहे आणि तो पुसण्याचा अधिकार कोणाला आहे, ही ओळही त्याच यादीत घालायला हवी, कंत्राटदाराच्या सहीसह.