जुन्या गाडीचा आवाज : आधी ऐका, मग इंजिन खोला

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणीनंतर ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. नशिराबादहून जळगाव-भुसावळ रोज ये-जा करणाऱ्याला नवी गाडी परवडतेच असे नाही. म्हणूनच जुन्या गाडीचा आवाज ओळखता यायला हवा.

आवाज इंजिनचाच आहे का?
उभ्या गाडीत न्यूट्रलवर रेस द्या. आवाज वाढला, तर तो इंजिनकडचा. फक्त धावतानाच आला, तर चाकाचे बेअरिंग आधी तपासा.

कोणता आवाज काय सांगतो?
टिकटिक : बहुधा टॅपेट. आधी डीपस्टिकवर ऑइल पाहा.
सुरू करताना कर्कश किंचाळणे : बेल्ट सैल किंवा झिजलेला.
रेस दिल्यावर जड ठकठक : कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग असू शकते. ठकठक सुरू असताना ऑइलचा दिवा लागला, तर गाडी सुरक्षित बाजूला घेऊन लगेच बंद करा आणि ओढून न्या. आणखी चालवली, तर क्रँकही जाईल.

खान्देशच्या उन्हाळ्यात गरम ऑइल आणखी पातळ होते. झिजलेले बेअरिंग तेव्हा जास्त वाजते. जाड ऑइल टाकून आवाज दाबणे म्हणजे दुखणे झाकणे.

थंड आणि गरम इंजिनचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून मेस्त्रींना ऐकवा. ‘इंजिन खोलावे लागेल’ म्हटले, तर आधी ऑइल प्रेशर मोजायला सांगा. कारण न कळता इंजिन खोलणे म्हणजे आपल्या पैशांनी केलेला अंदाज.