स्टेशनच्या पाटीवर उरलेले गाव

दिल्लीहून फरीदाबादकडे जाणाऱ्या मेट्रोत बसले, की शेवटच्या स्थानकाच्या अलीकडे 'संत सूरदास (सीही)' अशी पाटी दिसते. सूरदास कोण, हे कुणाला सांगायला नको. पण कंसातली ही सीही कोणती?

सीही हे गाव आहे. आज त्याचा पत्ता 'सेक्टर ८, फरीदाबाद' असा सांगितला जातो. पण फरीदाबादला नाव मिळाले ते १६०७ मध्ये, जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याच्यामुळे. वल्लभ संप्रदायाच्या परंपरेनुसार सूरदासांचा जन्म सीहीचा, म्हणजे त्याच्याही शंभराहून अधिक वर्षे आधीचा. काही अभ्यासक हा मान आग्ऱ्याजवळच्या रुनकत्याला देतात. सीहीच्या लोकांना मात्र त्याबद्दल शंका नाही.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर मोगल सत्ता ढिली पडली, तेव्हा याच सीहीचा गोपालसिंह हा जाट सरदार प्रबळ झाला. त्याच्या वंशातल्या बलरामने जवळच बल्लभगडचा किल्ला उभारला. मराठी माणसालाही हा मुलूख परका नाही. १७५७ मध्ये अंताजी माणकेश्वर यांनी अब्दालीच्या फौजेशी झुंज दिली ती फरीदाबादजवळच. पुढे बल्लभगडचा राजा नाहरसिंह १८५७ च्या उठावात सामील झाला आणि ९ जानेवारी १८५८ रोजी इंग्रजांनी त्याला दिल्लीच्या चांदणी चौकात फाशी दिले.

एवढे सारे पाहिलेल्या या गावाला गिळले ते फौजेने नव्हे, आराखड्याने.

फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या हजारो निर्वासितांसाठी फरीदाबादला नवी वसाहत उभी राहिली. त्यांनी सहकारी संस्था काढल्या आणि स्वतःच्या हातांनी घरे बांधली. पाठोपाठ कारखाने आले. १९७१ मध्ये कायदा होऊन जुने फरीदाबाद, नवी वसाहत, बल्लभगड आणि आसपासची गावे एका कारभाराखाली आली. १९९४ मध्ये महानगरपालिका झाली. शेतजमिनी सरकारने संपादित केल्या आणि त्यांवर सेक्टर आखले. सीहीच्या शेजारच्या मुजेसर गावाचे नाव आज ट्रॅक्टर बनवणाऱ्या 'एस्कॉर्ट्स'च्या जोडीने मेट्रो स्थानकावर आहे. जिथे नांगर चालत होता, त्या परिसरात ट्रॅक्टर तयार होऊ लागले. शेत मात्र राहिले नाही!

शेते गेली, तरी गावाची वस्ती मागे उरली. आपल्याकडे ज्याला गावठाण म्हणतात, त्याला तिकडे 'लाल डोरा' म्हणतात. महसुली नकाशावर वस्तीभोवती लाल रेघ ओढलेली असे, म्हणून हे नाव. रेघेबाहेरच्या शेताची नोंद तलाठ्याच्या दप्तरी होई. आतल्या घरांवर शेतसारा नव्हता, म्हणून त्यांची मालकी कागदावर चढलीच नाही. घर कुणाचे, हे सारे गाव जाणत होते, तोवर काही अडले नाही. शहर आले आणि अडू लागले. बँक कर्जासाठी कागद मागते, भावाभावांत वाटणी निघाली की कोर्ट कागद मागते. पिढ्यान् पिढ्या ज्या घरात चूल पेटली, ते घर आपले आहे हे सिद्ध करणे सर्वांत अवघड! सेक्टरमध्ये काल प्लॉट घेतलेल्या माणसाकडे मात्र नावानिशी कागद असतो.

हे दुखणे एकट्या हरियाणाचे नाही. पुण्याचे भांबुर्डे शिवाजीनगर झाले, मुंबईने वरळी-माहीमचे कोळीवाडे पोटात घेतले. आपल्या गावठाणातल्या घरालाही सातबारा नसतो. जिथे नगर भूमापन झाले आहे तिथे मिळकत पत्रिका असते. आपल्या जुन्या घराच्या पत्रिकेवर आजही पणजोबांचेच नाव नाही ना, हे सवड काढून पाहायला हवे. घरातली वडीलधारी माणसे आहेत, तोवर वारसांची नावे आणि खुणा सांगणारे कुणीतरी असते.

सीहीपुरते बोलायचे, तर १९ नोव्हेंबर २०१८ रोजी मेट्रोचा हा टप्पा सुरू झाला आणि गावाचे नाव स्थानकावर लागले. पुढचे, शेवटचे स्थानक राजा नाहरसिंहाच्या नावाचे आहे. शहराने सीहीची जमीन घेतली. नाव तेवढे परत दिले, तेही कंसात.