धाराशिवमध्ये पावसाचा खंड तीन आठवड्यांचा की दोनच? आठवड्याच्या नंबरांचा घोळ समजून घ्या

समजा, २०२३ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या एका महसूल मंडळात शनिवारी १५ जुलैला चांगला पाऊस झाला. त्यानंतर थेट रविवारी ६ ऑगस्टला. मधले २१ दिवस कोरडे. पावसाचं हे उदाहरण काल्पनिक आहे, तारखा आणि वार मात्र खरे.

खंड किती आठवड्यांचा? शेतकरी सांगेल, तीन. पण हीच आकडेवारी कॉम्प्युटरला दिली आणि 'आठवड्यानुसार बेरीज कर' म्हटलं, तर कोरडे आठवडे दोनच निघू शकतात.

हा फरक किरकोळ नाही. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पावसाचा खंड आठवड्यांतच मोजला आहे: सलग तीन ते चार आठवडे, प्रत्येक आठवड्यात सरासरीच्या ५० टक्क्यांहून कमी पाऊस. दुष्काळ ठरवताना इतरही निकष असतात, पण खंड हा त्यातला एक. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात वाशी, धाराशिव आणि लोहारा हे तालुके होते.

आठवडा सुरू कधी होतो?

इथेच खरी गोम आहे. शेतीत 'हवामान आठवडा' वापरतात. तो वाराकडे बघतच नाही. १ ते ७ जानेवारी पहिला, ८ ते १४ दुसरा, असं करत वर्षाचे बरोबर ५२. उरलेला एक दिवस शेवटच्या आठवड्यात जातो, म्हणून २४ ते ३१ डिसेंबर हा आठवडा आठ दिवसांचा. लीप वर्षात २९ फेब्रुवारी नवव्या आठवड्यात बसवतात. यामुळे २७ वा आठवडा दरवर्षी २ ते ८ जुलै हाच राहतो आणि ३० वर्षांची सरासरी काढणं सोपं जातं.

आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाचा आठवडा मात्र सोमवारी सुरू होतो आणि ज्या आठवड्यात वर्षाचा पहिला गुरुवार येतो तो पहिला. हवामान खात्याच्या साप्ताहिक पावसाच्या अहवालाची तऱ्हा आणखी वेगळी, तिथे आठवडा गुरुवार ते बुधवार.

आता वरचं उदाहरण पुन्हा बघा. हवामान आठवड्यांनुसार २९, ३० आणि ३१ हे तिन्ही आठवडे (१६ जुलै ते ५ ऑगस्ट) पूर्ण कोरडे. आयएसओनुसार ३१ वा आठवडा ३१ जुलै ते ६ ऑगस्ट, म्हणजे रविवारचा पाऊस त्यात येतो. कोरडे उरले दोनच. गुरुवार ते बुधवार मोजलं तरी दोनच. पाऊस तोच, पीकही तेच.

लायब्ररी काय करते?

पायथॉनमधलं 'आयसोकॅलेंडर' आयएसओचा नंबर देतं. एक्सेलचं 'वीकनम' काही न सांगता वापरलं तर रविवारपासून मोजतं आणि १ जानेवारी ज्या आठवड्यात येतो त्याला पहिला धरतं. हवामान आठवडा यांपैकी कुणालाच माहीत नाही. फसवणूक अशी की २०२३ ची सुरुवातच रविवारी झाली होती, त्यामुळे त्या वर्षी एक्सेलचा नंबर ३१ डिसेंबर सोडता हवामान आठवड्याशी तंतोतंत जुळतो. त्या वर्षावर तपासलेली शीट २०२४ मध्ये गुपचूप चुकायला लागते.

आठवड्याच्या नंबरासोबत वर्षही बदलू शकतं, हे अनेकांना धक्कादायक वाटेल. २९ डिसेंबर २०१४ हा सोमवार आयएसओनुसार २०१५ च्या पहिल्या आठवड्यात होता. त्या दिवशी ट्विटरच्या यंत्रणेने साध्या वर्षाऐवजी हे 'आठवड्याचं वर्ष' उचललं आणि अनेक अँड्रॉइड युजर्स लॉगआउट झाले. तारखेच्या फॉरमॅटमध्ये लहान 'वाय'च्या जागी मोठा 'वाय' पडला की असं होतं.

२०२६ मध्ये आणखी एक अडचण आहे. आयएसओनुसार या वर्षात ५३ आठवडे आहेत. सरासरी पावसाचा तक्ता ५२ ओळींचा असेल, तर ५३ व्या आठवड्याची तुलना करायला ओळच नाही.

मग हवामान आठवडा काढायचा कसा?

तारीख वर्षातला कितवा दिवस आहे ते घ्या. लीप वर्षात २९ फेब्रुवारीपासून पुढे त्यातून एक वजा करा. आलेल्या आकड्यातून पुन्हा एक वजा करून ७ ने भागा, अपूर्णांक सोडा, एक मिळवा. उत्तर ५३ आलं तर ५२ धरा.

तुमच्या शीटमध्ये किंवा ॲपमध्ये कोणता आठवडा चालतोय, हे बघायचं असेल तर ३ जानेवारी २०२७ ही तारीख टाका. हवामान आठवडा असेल तर १ येईल, एक्सेलची नेहमीची पद्धत असेल तर २ आणि आयएसओ असेल तर ५३.