नकाशा मुलांच्या हाती द्या

वाडी, खेडे, गाव, शहर अशी वस्त्यांची चढती भाजणी प्राथमिक शाळेत मुलांकडून पाठ करून घेतली जाते. पाणी, सुपीक जमीन आणि रस्ता असेल तेथे वस्ती होते, हे कारणही सांगितले जाते. ते खरे आहे; पण अर्धेच खरे आहे. पाण्याकाठी कोण वसले आणि पाण्यापासून कोणाला दूर ठेवले गेले, सुपीक जमीन कोणाच्या नावावर चढली आणि रस्ता कोणाच्या दारापर्यंत आला, हे प्रश्न धड्याखालच्या स्वाध्यायात येत नाहीत. ज्या समाजात घराच्या जागेवरून माणसाची जात सांगता येते, तेथे वस्तीचा धडा इतका निरुपद्रवी राहावा, हा योगायोग नव्हे.

नकाशा हे राज्यकर्त्यांचे जुने हत्यार आहे. १७६७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात भारतीय सर्वेक्षण खाते उभे राहिले, ते जिंकलेला मुलूख ताब्यात ठेवण्यासाठी. महाराष्ट्रात १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पद्धतीची जमीनमोजणी रुजली, ती शेतसाऱ्याच्या आकारणीसाठी. बांध न् बांध मोजला गेला. त्या बांधावर राबणाऱ्या भूमिहीनाला मात्र त्या कागदावर जागा नव्हती. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात प्राथमिक शाळेसाठी वाचन, लेखन आणि हिशेब यांच्या जोडीला इतिहास, भूगोल व शेतीचे प्राथमिक ज्ञानही मागितले होते. ज्याला कागद वाचता येत नाही तो कागदवाल्याचा गुलाम होतो, हे जोतीराव पुरते ओळखून होते.

आजचा धडा या मागणीपासून किती दूर आहे! पुस्तकातल्या चित्रात मध्यभागी मंदिर, शेजारी पार, विहीर, शाळा आणि भोवती हिरवी शेते असतात. गावकुसाबाहेरची वस्ती, ओढ्याच्या खालच्या अंगाला ढकललेली घरे, माळावरचा तांडा आणि डोंगराच्या कडेचा पाडा यांना त्या चित्रात क्वचितच स्थान मिळते. खेड्याच्या या गोडव्यावर बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत कठोर प्रहार केला होता. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. तो स्वागतार्हच होता. परंतु पाटी बदलल्याने नळ जवळ येत नाही आणि स्मशानाची वाट मोकळी होत नाही. नाव बदलले तरी वस्ती नकाशावर कोठे आहे, हा प्रश्न उरतोच; आणि तो मुलांनी विचारला पाहिजे.

यावर ठरलेला आक्षेप येतो : कोवळ्या मनांवर जातीचे आणि वर्गाचे ओझे कशाला? ओझे कोणाच्या मनावर, हे आधी सांगावे. तांड्यावरच्या मुलीला पाण्याची खेप किती लांबची आहे, हे शाळेत येण्यापूर्वीच ठाऊक असते. पुस्तकाच्या मौनाने तिचे दुःख कमी होत नाही. केवळ वाड्यातल्या मुलाचे अज्ञान सुरक्षित राहते. अशा अज्ञानालाच जर बालमानसशास्त्र म्हणायचे असेल, तर ते वरच्या आळीचे बालमानसशास्त्र आहे.

या अज्ञानाची किंमत कशी मोजावी लागते, ते २०२३ मध्ये दिसले. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याचे प्रस्ताव शिक्षण खात्याने त्या वर्षी मागवले. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणे समोर ठेवली. अशा शाळांची संख्या तेव्हा चौदा हजारांहून अधिक सांगितली गेली. लहान शाळेत सोबती कमी असतात, एकदोन शिक्षकांवर सारे वर्ग पडतात, ही अडचण खरी आहे. तिचा उपाय शिक्षक वाढवणे हा आहे, शाळा उचलून नेणे हा नव्हे. शिक्षण हक्क कायद्याखालील नियम पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी चालत एक किलोमीटरच्या आत शाळा मागतात. कचेरीतल्या नकाशावर पट्टी ठेवली की दोन वाड्यांमधले अंतर बोटभर भरते. मधला ओढा, पावसाळ्यात बंद होणारी पायवाट आणि डोंगराचा चढ पट्टीला दिसत नाही. तो चालणाऱ्या पायांनाच कळतो. ज्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मूल शाळेत येत नसेल तर शाळा पाड्यावर नेली, तेथे आता मुलाने शाळेचा शोध घेत निघावे काय?

नकाशा खालच्या माणसाच्या हाती आला की काय होते, याचेही उदाहरण याच राज्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाच्या पारंपरिक हद्दी सांगण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. आपल्या हद्दी, नाले आणि वाटा ज्यांना कागदावर दाखवता येतात, त्यांना सरकारी खात्याशी बरोबरीने बोलता येते.

म्हणून नकाशाचा धडा भिंतीवरच्या भारतापासून सुरू होऊ नये. भिंतीवरचा नकाशा पाहून मुलाला उत्तर दिशा छताकडे वाटते. नकाशा जमिनीवर पसरावा, सूर्य पाहून दिशा जुळवाव्यात. आधी वर्गाचा, मग शाळेच्या आवाराचा, मग वस्तीचा आराखडा मुलांनी पावले मोजून काढावा. शंभर पावलांना एक काडी धरली की प्रमाण म्हणजे काय ते समजते. विहिरीला खडा आणि घराला चिंचोका ठेवला की खुणांचा अर्थ कळतो. त्यानंतर प्रत्येक वस्तीपासून नळ, शाळा, रेशन दुकान आणि दवाखाना किती पावलांवर आहे, ते मुलांनी लिहावे. ही भूगोलाची शिस्त आहे आणि लोकशाहीचीही.

हे काम परिपत्रकाची वाट पाहत बसणार नाही. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी शिक्षकांना सोबत घेऊन मुलांचे असे नकाशे तयार करवावेत, ते शाळा व्यवस्थापन समितीत आणि ग्रामसभेत मांडावेत, तलाठ्याच्या गावनकाशाशेजारी ठेवावेत. दोहोंत जेथे फरक पडेल, तेथे मोर्च्याचा पुढचा विषय सापडेल. वस्तीचा नकाशा स्वतः काढलेल्या मुलाला, मोठेपणी, त्याची वस्ती अस्तित्वातच नाही असे सांगण्याचे धाडस कोणत्याही कचेरीला सहजासहजी होणार नाही.