एवढ्याशा रबरी कड्याकडे दुर्लक्ष नको



30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. तुमचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा, ते सांगतील. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला 617 मीटर खोल छिद्र घेतले. वर 338 मीटर काळा बेसॉल्ट, त्याखाली सुमारे 8 मीटर गाळाचे थर आणि त्याखाली अतिप्राचीन रूपांतरित खडक, असा क्रम तेथे सापडला. कोयना परिसरात तर 2017 साली सुमारे 3 किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. आपल्या पायाखाली काय दडले आहे हे प्रत्यक्ष पाहायचे, तर असे छिद्र घ्यावेच लागते.

छिद्र घेणारे अवाढव्य यंत्र पाहायला गर्दी जमते. माझे मत असे, की आपण त्यातील एका रबरी कड्याकडेही तितक्याच कुतूहलाने पाहावे.

शेतात विंधन विहीर घेताना वापरतात तो हातोड्यासारखे ठोके देणारा बिट असतो. त्यात बेअरिंग नसते. खडकाचा अखंड गाभा काढायचा, तर हिरे बसवलेला पोकळ बिट लागतो. त्यातही बेअरिंग नसते. परंतु तेलविहिरींसारख्या खोल छिद्रांसाठी पुष्कळदा तीन दातेरी शंकू असलेला बिट वापरतात. हे शंकू खडकावर गडगडत त्याचा चुरा करतात. प्रत्येक शंकू बेअरिंगवर फिरतो. बाहेर दगडाची कच आणि चिखल, आत स्वच्छ ग्रीस, आणि दोहोंच्या मध्ये एक रबरी कडे. यालाच सील म्हणतात. सील निकामी झाले की कच आत शिरते, बेअरिंग खराब होते आणि शंकू अडकतो किंवा तुटून पडतो. मग शेकडो मीटर लांबीचे पाइप एकेक करून वर काढावे लागतात.

सील निकामी का होते? एक मोठे कारण म्हणजे उष्णता. पृथ्वीच्या पोटात उतरताना दर किलोमीटरला तापमान साधारणपणे 25 ते 30 अंश सेल्सिअसने वाढते. आपल्यासारख्या जुन्या कठीण खडकांच्या प्रदेशात ही वाढ काहीशी कमी असते. रशियातील कोला येथे 12,262 मीटर खोलीवर तापमान सुमारे 180 अंश होते. त्यात घर्षणाच्या उष्णतेची भर पडते.

रबर पोलादाच्या दहापटीहून अधिक प्रसरण पावते. खाचेत बसवलेले कडे फुगले, की ते अधिक घट्ट दाबले जाते. त्यामुळे घर्षण वाढते, घर्षणाने उष्णता वाढते आणि कडे आणखी फुगते. बराच काळ असे दाबून तापलेले रबर शेवटी आपली लवचिकता गमावते. घरातली कुकरची जुनी रिंग पाहा, म्हणजे पटेल. पुढे बिट थंड झाला की कडे आक्रसते, फट पडते. उलट, रबर फार थंड झाले तरी घात होतो. 28 जानेवारी 1986 रोजी कडाक्याच्या थंडीत 'चॅलेंजर' अवकाशयानाच्या रॉकेटमधील रबरी कडे कामी आले नाही आणि सात अंतराळवीरांचा बळी गेला. चौकशी समितीसमोर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रबराचा दाबलेला तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला. दाब काढल्यावर तो लगेच पूर्ववत झालाच नाही.

आता एक प्रयोग करा. रबरबँडला वजन टांगून ते चांगले ताणा आणि त्याच्याजवळ गरम पाण्यात पिळलेले फडके धरा. मोठ्या माणसाला सोबत घ्या. वजन किंचित वर उचलले जाईल! ताणलेले रबर तापवले की आक्रसते. म्हणूनच फिरत्या दांड्यावर ताणून बसवलेले कडे तापताच दांड्याला आवळू लागते, आणि जाणकार अभियंता ते ताणून बसवत नाही.

मग उपाय कोणता? अधिक उष्णता सोसणारे रबर शोधणे, हा एक. काटेकोर घासलेल्या धातूच्या कड्या वापरणे, हा दुसरा. तशा कड्या वापरात आहेत, मात्र त्या महाग पडतात. मला तिसरा मार्ग अधिक मोलाचा वाटतो. उष्णतेलाच कामाला लावायचे! निकेल व टायटॅनियमची एक मिश्रधातू ठराविक तापमान ओलांडले की आपला मूळ आकार पुन्हा धारण करते. तिची स्प्रिंग सीलच्या मागे ठेवली, तर रबर ढिले पडू लागताच ती त्याला पुढे रेटू शकेल. किंवा फुगणाऱ्या रबराला मागे सरकून जागा देणारी रचनाही करता येईल. अर्थात, सुटा भाग वाढला की बिघडण्याची एक जागा वाढते, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच येथे कसून चाचण्या हव्यात.

आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रसरण म्हटले की धातूचा गोळा आणि कडी. गुणांक पाठ केला, गणित सोडवले, संपले. मला हे अपुरे वाटते. रबर शिकवल्याशिवाय उष्णतेचा धडा पुरा होऊ नये. शिक्षकांनी तो शिकवेपर्यंत तुम्ही थांबू नका. नांदेड-लातूरच्या कोणत्याही ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात जुने ऑइल सील मागा. ते वाकवून पाहा, नव्याशी ताडून पाहा, आणि ते कशाने निकामी झाले हे मिस्त्रींना विचारा.